जुन्या गाडीचे बुश आणि रबराचा पीळ

व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांस वाटेतच गाठले. म्हणाले, ‘‘अहो, ह्या व्यासपीठावर संतवाङ्मय झाले, कापसाचा भाव झाला, आणि आता मोटारीचा बुश? उद्या सायकलच्या पंक्चरवर कोणी बोलेल!’’ आम्ही त्यांस एवढेच म्हणालो की, आपण गाडीत बसता तेव्हा स्टिअरिंग आपल्या हातात असते आणि चाक रस्त्यावर असते; ह्या दोहोंच्या मध्ये आपले ऐकणारे कोण असते, ते आज येऊन ऐका. ते आलेले दिसतात, म्हणून त्यांच्याच शंकेपासून आरंभ करतो.

बुश ही वस्तू आपणांस अपरिचित नाही. बंडीच्या चाकाचा लाकडी तुंबा आठवा. त्याच्या भोकात लोखंडाची एक नळी ठोकून बसवलेली असते आणि ती आसाच्या टोकाभोवती फिरते. ही नळी म्हणजेच बुश. ती असते ती झिजण्यासाठी. तुंबा खराब झाला तर सुताराचे कित्येक दिवसांचे काम वाया जाते. आस खराब झाला तर लोहार गाठावा लागतो. नळी झिजली तर ती काढून दुसरी ठोकता येते. म्हणजे महागाचे वाचावे म्हणून स्वस्ताने झिजावयाचे, अशी ही योजना. नळी वेळेवर बदलली नाही की चाक डुलू लागते, आणि मग तुंबा, आस, आरे सगळेच तिच्या मागून जातात.

आपल्या तालुक्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असेल. पटाचा छकडा हलका असतो, त्यात फालतू वजन ठेवत नाहीत, आणि म्हणूनच त्याच्या चाकातील थोडी ढिलाईही चालत नाही. ओझ्याच्या बंडीला जे खपते ते छकड्याला खपत नाही. छकडा ही आपल्या वऱ्हाडची स्पोर्ट्स कार होय, असे आम्ही म्हणतो ते अगदीच थट्टेने नव्हे. हलकी गाडी, मोठा वेग, आणि हाकणाऱ्याच्या इशाऱ्याला ताबडतोब उत्तर देणारी चाके, ही दोहोंचीही लक्षणे.

आता मोटारीकडे वळू. चाक ज्या लोखंडी भुजेवर टांगलेले असते, तिला कारागीर ‘आर्म’ म्हणतात. पुष्कळ गाड्यांत पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे आर्म असतात. खड्डा आला की चाक खाली जाते, उंचवटा आला की वर येते, आणि आर्म दाराच्या झडपेसारखा वरखाली होतो. त्याच्या बिजागरीत बुश असतो. पण येथे बंडीहून एक मोठा भेद आहे. बंडीचे चाक गरगर फिरते. आर्म मात्र काही अंशांतच झुलतो. जेथे फिरायचे नाही, नुसते झुलायचे आहे, तेथे लोखंडावर लोखंड घासण्याचे कारणच काय? ह्या विचारातून रबराचा बुश आला. आत पोलादाची लहान नळी, तिच्याभोवती घट्ट बसवलेले रबर, आणि बाहेर आर्मचा डोळा. काही बुशांना बाहेरूनही पोलादी नळी असते. आतली नळी बोल्टने चासीशी आवळलेली, ती हलत नाही. बाहेरचा डोळा आर्मबरोबर हलतो. मधले रबर घासत नाही, घसरत नाही. ते पिळले जाते आणि सोडले की पुन्हा सरळ होते. वंगण नको, कुरकुर नाही. म्हणूनच अशा बुशाला ‘सायलेंट ब्लॉक’ असे नाव पडले.

हीच वस्तू आपल्या स्टेशनावरून रोज जात आली आहे, आणि आपले लक्ष कधी गेले नाही. पेरांबूरच्या कारखान्यात, जो २ ऑक्टोबर १९५५ रोजी सुरू झाला, जे निळे-तांबडे डबे बनत, त्यांच्या चाकगाड्यांना ‘अँकर लिंक’ नावाचे दांडे असतात. इंजिनाची ओढ आणि ब्रेकचा रेटा डबा आणि चाकगाडी ह्यांच्या दरम्यान ह्या दांड्यांतून पोचतो, आणि त्यांच्या दोन्ही टोकांना सायलेंट ब्लॉक असतात. त्या धर्तीचे डबे बनवणे २०१८ साली थांबले आणि आता नव्या बनावटीचे डबे आले आहेत. पण धामणगावच्या दोन-तीन पिढ्या मुंबईस आणि नागपुरास गेल्या त्या अशाच रबराच्या पिळावर बसून गेल्या.

पीळ म्हणजे काय हे कापसाच्या गावात सांगावे लागू नये. टकळीवर सूत काढताना बेताचा पीळ दिला तर सुताला बळ येते. जास्त दिला तर सूत स्वतःवरच वळते, गाठ मारते आणि तुटते. रबराचेही काहीसे तसेच. कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होते. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना आढळले की ते गंधकाबरोबर तापवले तर त्याचा स्वभाव पालटतो. रबराचे लांबलचक रेणू गंधकाच्या पुलांनी एकमेकांशी बांधले जातात. म्हणून ताणले तरी विस्कटत नाहीत आणि सोडले की जागेवर येतात. परंतु ह्या परत येण्याला मर्यादा आहे. आपल्याकडच्या वैशाखातली उष्णता, हवेतला ओझोन आणि इंजिनातून ठिबकणारे तेल ही तिघे मिळून रबर बिघडवतात. मग रबर कडक होते, त्यावर बारीक भेगा पडतात किंवा ते फुगून लिबलिबीत होते. गाडी उभी ठेवली तरी हे चालूच असते. ‘‘गाडी फार चालली नाही’’ हे विकणाराचे बोलणे बुशाच्या बाबतीत फारसे उपयोगाचे नाही.

आता आमच्या गाडीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमच्या थोरल्या काकांकडे एक स्टँडर्ड हेरल्ड आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ह्या कंपनीने १९६१ पासून सुमारे दहा वर्षे ती भारतात बनवली. मूळ गाडी इंग्लंडातील ट्रायम्फ हेरल्ड, १९५९ सालची. तिचे रूप जिओव्हान्नी मिकेलोत्ती ह्या इटालियन रेखाकाराने ठरवलेले. ह्याच हेरल्डची चासी आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली ‘स्पिटफायर’ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार काढली, आणि ती १९८० पर्यंत चालली. पुढच्या चाकांची टांगणी दोघींची एकाच धर्तीची. लोटस कंपनीनेसुद्धा आपल्या एलान ह्या नामांकित स्पोर्ट्स कारसाठी ट्रायम्फच्याच पुढच्या चाकाची उभी दांडी वापरली. तेव्हा डॉक्टर, वकील आणि प्राध्यापक मंडळी आपल्याकडे जी साधी घरगुती गाडी म्हणून हाकीत, तिच्या पुढच्या अंगात स्पोर्ट्स कारचे हाडपेर होते. केवळ साडेसात मीटरच्या आसपासच्या वर्तुळात ती वळते; अरुंद बोळात तिचे कौतुक होई.

काही वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत काका-काकूंना घेऊन आम्ही तळेगावच्या रस्त्याने निघालो होतो. समोर कापसाने भरलेली बंडी शेतातून अचानक रस्त्यावर आली. ब्रेक दाबला तशी गाडी सरळ न थांबता डावीकडे धुऱ्याकडे ओढली गेली. थांबली खरी, पण काकूंचे कपाळ दाराच्या चौकटीवर आपटले आणि टेंगूळ आले. काका म्हणाले, ‘‘ब्रेक खराब.’’ आम्हीही तेच म्हणालो. ब्रेक दोनदा दुरुस्त झाले, पुढचे दोन टायर नवे आले, आणि ओढ तशीच. टायरची आतली कड मात्र काही महिन्यांत गुळगुळीत झाली.

दोष ब्रेकचा नव्हता, बुशाचा होता. दाराची बिजागरी अर्धा दोरा ढिली झाली तर दाराची मोकळी कड बोटभर लोंबते, हे आपण घरी पाहतो. आर्मचेही तसेच. बुशातली थोडीशी ढिलाई चाकापाशी वाढून पोचते. साध्या चालीत ती दिसत नाही. पण ब्रेक दाबला की रस्ता चाकाला मागे ओढतो, आर्म बुशात मागे सरकतो आणि चाकाचे तोंड तेवढे फिरते. दोन्ही बाजूंचे बुश सारखे झिजलेले नसतात. म्हणून एक चाक जास्त फिरते, दुसरे कमी, आणि गाडी एका बाजूला जाते. आपण स्टिअरिंग सरळ धरलेले असते. चाक मात्र स्वतःच्या मनाने वळलेले असते.

हे ओळखावे कसे? गाडी सपाट जागी उभी करावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे लावावेत, पुढचा भाग जॅकने उचलावा आणि चासीखाली भक्कम लोखंडी घोडे देऊन त्यांवर टेकवावा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये, मग डोके तर दूरच. हे वाक्य आम्ही दोनदा म्हणावे अशी आमची इच्छा आहे. नंतर आर्म आणि चासी ह्यांच्या मध्ये पहारीचे चपटे टोक घालून हलके रेटावे. चांगला बुश थोडासा दबून परत येतो. गेलेला बुश ‘खट्’ असा आवाज देतो, किंवा आतली नळी भोकात एका बाजूला बसलेली स्पष्ट दिसते. हेरल्डचे सबंध तोंड पुढे उघडते, म्हणून हे सारे उभ्यानेच दिसते. इतर गाड्यांत अंगावर माती घ्यावी लागते.

आमचे आठही बुश, म्हणजे दोन्ही बाजूंचे वरचे आणि खालचे, आम्ही एका शहरातील गॅरेजमध्ये बदलून घेतले. गाडी सुतासारखी सरळ चालू लागली. काका खूश झाले. पाच महिन्यांनी पुन्हा तीच ओढ! बुश काढून पाहिले तर रबर आतल्या नळीपासून सुटलेले. आम्ही मालाला दोष दिला. आमच्या गावात जिनिंगच्या यंत्रांची कामे करणारे एक वृद्ध लेथ कारागीर आहेत. त्यांच्यापुढे ते बुश ठेवले. त्यांनी एक बुश अंगठ्याने फिरवून पाहिला आणि म्हणाले, ‘‘हे झिजलं नाही जी, हे पिळून फाटलं. गाडी टांगलेली असतानाच नट आवळला असन.’’

मोटारीचे काम त्यांनी जन्मात फारसे केले नव्हते. पण पीळ त्यांना कळत होता. ह्या विषयातील मुख्य मुद्दा तोच आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

गाडी घोड्यांवर उचललेली असते तेव्हा चाके खाली लोंबत असतात आणि आर्म खाली झुकलेले असतात. त्या स्थितीत बोल्ट पक्का आवळला की आतली नळी तेथेच जखडली जाते. रबराला वाटते, हीच माझी विश्रांतीची जागा. मग गाडी जमिनीवर उतरवली की वजनाने आर्म वर येतो आणि रबर एकाच बाजूला पिळले जाते. गाडी नुसती दारात उभी असली तरी ते रात्रंदिवस पिळलेलेच राहते. त्यात खड्डा आला की पिळावर आणखी पीळ. जे रबर दोन्ही बाजूंना थोडे थोडे पिळले जावे म्हणून बनवले, त्याला सगळा भार एका बाजूने सोसावा लागतो. पाच महिने टिकले हेच नवल.

म्हणून नवे बुश बसवताना बोल्ट आधी नुसते हाताने लावून घ्यावेत. चाके चढवावीत, गाडी जमिनीवर उतरवावी, चालकाच्या जागी त्याच्याच वजनाच्या कोणाला तरी बसवावे, पुढचा भाग तीन-चार वेळा दाबून सोडावा म्हणजे गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर बसते, आणि मग नट पक्के करावेत. एवढ्या एका गोष्टीला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे वाचवल्यामुळे आम्हांस दुसऱ्यांदा आठ बुशांचे पैसे पडले.

जुना बुश काढणे हे मात्र कष्टाचे काम. पुष्कळ ठिकाणी तो जाळून काढतात. रबराचा तो काळा धूर नाकातोंडात जातो, आणि आर्मचे लोखंड तापून रंगही जातो आणि कदाचित बळही. आम्ही व्हाइसमध्ये एका बाजूस बुशाहून किंचित लहान आणि दुसऱ्या बाजूस किंचित मोठा असा नळीचा तुकडा धरून तो दाबून काढला. बाहेरची पोलादी नळी गंजून बसली असेल तर हॅक्सॉच्या पात्याने तिला आतून एक चीर द्यावी. आर्मला पाते लागू देऊ नये. भोक काथ्याने आणि बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ करावे. नवा बुश सरकण्यासाठी साबणाचे पाणी लावावे. इंजिनचे तेल किंवा ग्रीस लावण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते. साबणाचे पाणी वाळून जाते आणि रबराची पकड घट्ट होते. खालचा आर्म ज्या कंसांवर बसतो, त्या कंसांच्या मागे लोखंडाच्या पातळ पट्ट्या घातलेल्या सापडतील. त्या फालतू नव्हेत. चाक किती तिरके उभे राहावे हे त्या ठरवतात. कोणत्या बाजूला किती निघाल्या हे लिहून ठेवून तितक्याच परत घालाव्यात. आम्ही त्या एका वाटीत एकत्र टाकल्या आणि मग अर्धा दिवस डोके धरून बसलो.

ह्याच कामात आम्हांस एक गोष्ट दिसली, जिच्यापुढे काकूंचे टेंगूळ काहीच नव्हते. हेरल्ड आणि स्पिटफायर ह्यांच्या पुढच्या चाकाची उभी दांडी खाली आटे पाडलेली असते, आणि ती कांस्याच्या एका ठोकळ्यात बसते. त्याला ट्रनियन म्हणतात. आपण गाडी वळवतो तेव्हा ही दांडी त्या आट्यांतच फिरते. येथे गिअरचे नव्वद नंबरचे घट्ट तेल भरायचे असते. कंपनीच्या पुस्तकात तसे सांगितलेले आहे. पण समोर ग्रीसची जागा दिसली की कारागीर ग्रीस भरतो. ग्रीस सुकून घट्ट होते, आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, खालून पाणी शिरते आणि दांडी गंजते. आम्ही उजवीकडचा ठोकळा सोडवला तेव्हा दांडीच्या आट्यांभोवती गंजाचे कडे पडलेले होते आणि त्यात केसाएवढी चीर होती. ती दांडी चालत्या गाडीत तुटली असती तर चाक आडवे होऊन गाडीखाली गेले असते. आम्ही बुशासाठी गाडी उघडली नसती तर ती चीर कोणाला दिसली असती, हा प्रश्न काका अजूनही विचारतात. दांडी आणि ट्रनियन दोन्ही नवे घातले. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात, म्हणून मागवताना बाजू सांगावी लागते.

आता रबर घालावे की पॉलियुरेथेन, हा प्रश्न. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य तयार केले. तेलाला ते सहसा दाद देत नाही, पुष्कळ वर्षे टिकते आणि त्याचे बुश लाल-निळ्या रंगांत येतात, त्यामुळे तरुण मंडळींना ते आवडतात. शर्यतीच्या सपाट मार्गावर त्याचा उपयोग आहे, कारण ते कडक असल्यामुळे चाक तसूभरही हलत नाही. पण ते पिळले जात नाही, नळीवर घसरते. म्हणजे आपण पुन्हा बंडीच्या नळीकडे आलो. खास ग्रीस लागते आणि ते संपले की कुरकुर सुरू. दुसरे असे की, धक्का रबराने खाल्ला नाही तर तो जातो कोठे? चासीत. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता कितीही चांगला केला तरी काही वर्षांत लाटांसारखा होतो. अशा रस्त्यावर साठ वर्षांच्या पत्र्याला कडक बुशांचे धक्के देणे आम्हांस पटत नाही. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करावयाची तर तिच्या चासीत फेरफार झालेला नसावा लागतो. आम्ही रबरच घातले. ज्यांना वेगाची हौस आहे ते वेगळा निर्णय करतील.

रबर घ्यायचे तर ताजे घ्यावे. जुन्या गाडीच्या भागांच्या दुकानात ‘मूळ कंपनीचा, सीलबंद’ असा माल अभिमानाने दाखवतात. तेथे पुडी सीलबंद असते, वय नसते. चाळीस वर्षे कपाटात पडलेला बुश नखाने दाबून पाहावा. नख उमटले नाही आणि वाकवल्यावर भेगा दिसल्या तर तो परत द्यावा. जुन्या टायरचे वाटोळे तुकडे कापून बुश करणारे हुशार लोकही आहेत. ते भोकात बसतात, पण टायरच्या रबरात दोऱ्यांचे थर असतात आणि आतल्या नळीला ते धरत नाहीत. पंधरा दिवसांत ते घासून भुगा होतात. बंडीला चालेल, छकड्याला नाही.

सर्व बसल्यावर चाकांची दिशा तपासावी लागते. लेसरची यंत्रे आता अमरावतीस आहेत, पण आमच्या लेथवाल्या आजोबांनी ते काम सुतळीने केले. गाडीच्या दोन्ही बाजूंना, मागच्या-पुढच्या चाकांच्या बाहेरून, दोन सुतळ्या एकमेकींना समांतर ताणल्या आणि पुढच्या चाकाच्या रिमची पुढची आणि मागची कड सुतळीपासून किती दूर ते पट्टीने मोजले. पुढची तोंडे एखाद-दीड मिलिमीटर आत असावीत, इतकेच. स्टिअरिंगच्या दांड्याचे नट सैल करून, फिरवून, पुन्हा मोजून, पाचव्या खेपेस ते जमले. मग काका चालकाच्या जागी बसले, काकू मागे बसल्या, आम्ही शेजारी, आणि गाडी तळेगावच्या रस्त्याला लागली. ज्या शेताच्या धुऱ्याकडे ती ओढली गेली होती, तेथे रस्ता मोकळा पाहून काकांनी मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी जेथे तोंड होते तेथेच थांबली. काकूंनी दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती, ती मात्र घरी येईपर्यंत सोडली नाही.